आईचं बाळंतपण कौन्सिलने केलं

आमच्या घरात बाळ येणार हे कळलं आणि त्याच दिवशी प्रश्न उभा राहिला, बाळंतपण करणार कोण? माझी नात मीरा, आता लंडनमध्ये स्टॅनमोरला असते, तिला हे सांगायला गेलं की ती म्हणते, "आजी, करणार कोण म्हणजे? डॉक्टर." अगं बाई, डॉक्टर फक्त बाळ हातात देतो. पुढचा सव्वा महिना कोण काढणार? बाळंतिणीचं अंग कोण रगडणार, शेक-शेगडी कोण करणार, तिला ऊन ऊन ताटावर बसवून "आणखी एक घास" कोण म्हणणार? ते करायचं असतं माहेराने. आणि आईचं माहेर साताऱ्याला, आम्ही इंग्लंडात नॉटिंगहॅमला. मधे सगळा समुद्र. आम्ही इथे कसे येऊन पडलो ती वेगळीच गोष्ट, ती इथे उगाळत नाही.

आमचं घर म्हणजे विटांच्या लांबलचक रांगेतलं एक, डावीकडून बघा की उजवीकडून, सारखंच. खाली दोन खोल्या, वर दोन, संडास परसात. सकाळी पहिला आवाज दूधवाल्याच्या घोड्याच्या टापांचा, मग कारखान्याचा भोंगा, मग रस्ताभर बूटच बूट. अण्णा, म्हणजे माझे वडील, सायकलींच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. ते गेले की रस्त्यावरच्या बायका आपापल्या दाराच्या पायऱ्या गुडघ्यांवर बसून दगडाने घासून पांढऱ्या करायच्या. आईला ते फार आवडे. "सडा-रांगोळीच की गं ही," असं म्हणून तीही आमची पायरी घासायची, आणि घासून झाल्यावर वर दोन बोटं पिठाची रांगोळी काढायची. पीठ रेशनचं, म्हणून दोनच बोटं. बायका हसून हात करायच्या, आईही करायची, आणि तिची इंग्रजीतली ओळखपाळख तिथेच संपायची. बाकीचं सगळं तिच्या वतीने मी बोलायची. मी होते नऊ-दहा वर्षांची आणि तोंडाने भलतीच फटकळ. ती सवय अजून गेलेली नाही, असं लंडनमध्ये पिनरला माझे हल्लीचे शेजारी सांगतील.

आईला भीती बाळंत होण्याची नव्हती, नंतरच्या दिवसांची होती. माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता, ह्याच घरात, दुसरी मोठी लढाई चालू असताना. तेव्हा दाई आली, पैसे घेऊन गेली, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई उठली. उठणारच. अण्णांना डबा लागायचा, मला वेणी लागायची, कोळसा आत आणायला लागायचा. तिला ताप भरला तो उतरेना. फी मोजून डॉक्टरला बोलवायचं की थोडं थांबायचं, ह्यात दोन दिवस गेले. आई वाचली, दूध गेलं, आणि बाळही गेलं. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे. पण आता पुन्हा दिवस राहिले तशी आई मला उगाचच भात कसा लावायचा, अण्णांच्या कॉलरला इस्त्री कशी करायची ते दाखवू लागली. मला तेव्हाच कळलं की ही आपल्यानंतरची तयारी करतेय, म्हणून मी मुद्दाम बघायचंच टाळलं.

पण मधल्या काळात या देशाने एक अजब काम केलं होतं. ज्यांनी लढाई जिंकून दिली त्यांना लोकांनी आदराने घरी बसवलं आणि राज्य दुसऱ्यांच्या हाती दिलं. त्या नव्या माणसांनी काय सांगावं? आजारपण, बाळंतपण, बेकारी, म्हातारपण, कोणालाही एकट्याने सोसायला लावायचं नाही, सगळ्यांचं सगळ्यांनी मिळून बघायचं. खजिन्यात खडखडाट, साबणसुद्धा रेशनवर, घरं बॉम्बने पडलेली, आणि ह्यांच्या बाता बघा! अण्णा वर्तमानपत्र वाचून म्हणायचे, "बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात." पण बोलता बोलता झालं की हो ते. एक दिवस खरंच डॉक्टरने फी घेणं बंद केलं. आमच्या रस्त्यावरच्या बायका दवाखान्यासमोर रांगेत उभ्या राहिल्या, वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी घेऊन. एकीने तर तोंडातले सगळे दात काढून घेतले आणि नवी कवळी दाखवत दारोदार हिंडली. आज मीसुद्धा हॅरोच्या हॉस्पिटलात तास न् तास बसते आणि करकर करते. करते, कबूल. पण माझ्यासमोर बाहेरच्या कोणी त्या व्यवस्थेला नावं ठेवली ना, तर मी त्याला उभा-आडवा घेते. आपल्या माणसाला आपण बोलावं, दुसऱ्याने बोलू नये.

तर एक दिवस सायकलवरून मिडवाइफ आली. निळा झगा, टोपी, आवाज असा खणखणीत की शेजारच्या घरातही तपासणी कळावी. तिने आईला तपासलं, मग अण्णांकडे वळली. "नंतर घरात मदतीला कोण आहे?"

अण्णा म्हणाले, "मी रजा घेईन."

"स्वयंपाक येतो?"

"चहा येतो," अण्णा म्हणाले, आणि जरा थांबून, "बऱ्यापैकी."

ती म्हणाली, "कौन्सिलची होम हेल्प पाठवते." कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका. "रोज येईल, घर बघेल, हिला उठू देणार नाही. ऐपतीप्रमाणे थोडं काही द्यावं लागेल, बास."

अण्णा एकदम ताठ झाले. आमचे अण्णा स्वभावाने मऊ, पण कोणाचे उपकार घ्यायचे म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. "नको," ते म्हणाले. "हे तुम्ही तुमच्या लोकांसाठी केलंय. तुम्ही लढाईत सोसलंत. आम्ही बाहेरची माणसं. आम्ही कुठल्या तोंडाने घ्यायचं?"

मिडवाइफने टोपी सारखी केली. "मिस्टर साठे, तुम्ही ह्या गावात राहता का?"

"राहतो."

"तुमची बायको इथेच बाळंत होणार ना? की मुंबईला जाऊन येणार दुपारपर्यंत?"

मला हसू फुटलं आणि अण्णांनी डोळे वटारले.

"मग झालं तर," ती म्हणाली. "हे सगळ्यांसाठी आहे. सगळ्यांसाठी म्हणजे सगळ्यांसाठी. मी कोणाला वगळत बसले तर मलाच कामावरून काढतील." आणि गेली सायकलवर टांग टाकून.

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. मला वाटलं, आईही नकोच म्हणेल. तिच्या स्वयंपाकघरात उपासाच्या दिवशी कांदासुद्धा शिरायचा नाही, तिथे मटण रांधणारी परकी बाई! पण आई अण्णांना म्हणाली, "अहो, येऊ दे तिला. मला ह्या खेपेला बाळ हवंय आणि मीही हवीय." अण्णांनी चहा केला आणि तो बऱ्यापैकी झाला होता.

दिलीप झाला तो अगदी सुखरूप, दुपारच्या वेळी, वरच्या खोलीत. मिडवाइफने बजावलं, दहा दिवस पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही, आणि होम हेल्प दोन दिवसांनी सकाळी नऊला येईल. झालं! आईची झोप उडाली. तिला एकच घोर, पहिल्यांदा घरात येणारी बाई घर बघून काय म्हणेल? मोरीत भांडी तशीच, दोन दिवसांचा केर, चुलीवर दूध उतू गेलेलं, आणि हे सगळं अण्णांनी आवरलेलं, म्हणजे न आवरल्याहून वाईट! "हिंदुस्थानी लोक घाणेरडे असतात असंच घेऊन जाईल ना ती बाहेर," आई मला म्हणाली. "आणि आल्या माणसाला काही खायला नको का घालायला?" तुम्हीच सांगा, जगात दुसरी कुठली बाई कामाला येणाऱ्या बाईसाठी आधी घर स्वच्छ करून ठेवेल? आमच्याच बायका. आजही करतात. मीरासुद्धा क्लीनर यायच्या आदल्या संध्याकाळी बाथरूम घासते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या सकाळी अण्णा कामावर गेले आणि आई उठली. मी म्हटलं, "आई, नको ना, मिडवाइफ ओरडेल." तर म्हणाली, "तू गप गं, पाच मिनिटांत होतंय." तिने भांडी घासली. फरशी पुसली. मग आठवड्याच्या साखरेतली अर्धीअधिक घालून शिरा करायला घेतला, पाहुणीसाठी. रवा भाजल्याचा वास सगळ्या घरात पसरला. मी बाळापाशी वर बसले होते. खालून उलथनं पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी हाक मारली, ओ नाही. धावत खाली गेले तर आई मोरीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक, आणि नुकतीच पुसलेली फरशी लाल. ती मला म्हणाली, "फडकं आण गं, बाई यायची वेळ झाली." तेवढ्यातही तिला फरशीचंच.

आणि दारावर थाप पडली. ह्याला मी काय म्हणू? देव म्हणा, कौन्सिल म्हणा. दारात एक जाडजूड बाई, हातात ॲप्रनची गुंडाळी, डोक्याला रुमाल. "मी मिसेस टॅन्स्ली, डक," ती म्हणाली. नॉटिंगहॅमला लहानथोर सगळ्यांनाच डक म्हणतात. मी नुसतं आत बोट दाखवलं. तिने आत पाहिलं, आणि पुढचं सगळं भराभर झालं. आईला आडवं केलं, पायांखाली खुर्चीच्या गाद्या सारल्या, अंगावर स्वतःचा कोट घातला, आणि मला म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानात टेलिफोन आहे. धाव. सांग, बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही. कोणी थांब म्हटलं तर थांबू नको." मी अनवाणी धावले. आयुष्यात पुन्हा तशी धावले नाही.

हॉस्पिटलची गाडी आली ती सगळं हॉस्पिटलच घेऊन. डॉक्टर, नर्स, पेटी, रक्ताच्या बाटल्या. आईला हलवायलाही वेळ नव्हता, तिथेच स्वयंपाकघरात काम सुरू झालं. बाटली टांगायला जागा हवी होती. डॉक्टरने भिंतीवरची गणपतीची तसबीर काढून माझ्या हातात दिली आणि त्या खिळ्याला बाटली अडकवली. मी गणपतीला छातीशी धरून दारात उभी. वर दिलीप भोकाड पसरून रडत होता. मिसेस टॅन्स्ली वर जाऊन त्याला घेऊन आली, एका हाताने त्याला थोपटत दुसऱ्या हाताने तिने जळणारा शिरा उतरवला. मी आईकडे बघत होते. मला एवढंच कळत होतं की आता जर ही गेली तर भात मलाच लावायचा आहे. मी गणपतीला म्हटलं, मला भात येत नाही, मी शिकलेच नाही, तिला ठेव. थेंब थेंब रक्त उतरत होतं. कितीतरी वेळाने आईच्या ओठांवर रंग आला आणि ती मला मराठीत म्हणाली, "बाईंना शिरा दिलास का?" मी रडले ते असं रडले की डॉक्टरलाही वाटलं आणखी काही झालं.

अण्णांना कारखान्यातून बोलावून आणलं तोवर आईला हॉस्पिटलात हलवलं होतं. अण्णा कोट न घालता धावले, पावसात. मी आणि मिसेस टॅन्स्ली मागून बाळ घेऊन गेलो. अण्णा डॉक्टरला विचारत होते, "हे रक्त कोणाचं? मला त्यांचे आभार मानायचेत." डॉक्टर म्हणाला, "आम्हालाही माहीत नसतं. कोणीतरी दिलंय. कोणालाही लागेल म्हणून देतात." अण्णा खाली बाकावर बसले. हिशेबाचं कोणी काही विचारलं नाही, तुम्ही कुठले म्हणूनही नाही. शेवटी ते मला म्हणाले, "कुमुद, तुझ्या आईच्या अंगात आता ह्या गावाचं रक्त आहे. मी बाहेरची माणसं म्हणालो होतो गं." पुढच्या महिन्यात ते स्वतः रक्त द्यायला गेले आणि वय झालं म्हणून परत पाठवेपर्यंत जात राहिले.

आई घरी आली ती अशक्त होऊन, आणि मग मात्र खरं बाळंतपण सुरू झालं. मिसेस टॅन्स्ली रोज यायची. नवरा खाणीत वारलेला, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरी ती आणि एक मांजर. पहिल्याच दिवशी तिने आईला दम भरला, "पुन्हा माझ्या आधी फरशी पुसलीस तर मी येणार नाही." मी भाषांतर केलं, आणि जरा वाढवूनच केलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण भांडण मस्त जमायचं. ओव्याची धुरी दिली तर मिसेस टॅन्स्ली पाण्याची बादली घेऊन धावली. तिला वाटलं, पलंग पेटला. बाळाला तेल लावायला केमिस्टकडून कानात घालायच्या ऑलिव्ह तेलाच्या इवल्या इवल्या बाटल्या आणाव्या लागत. त्या आणताना ती दुकानदाराला सांगायची, "आमच्या बाळाचे कान ठीक आहेत, तू तुझं बघ." क्लिनिकमधून सरकारी संत्र्याचा रस आणि माशाचं तेल मिळे. तेलाचा वास आला की आई नाक धरायची, पण दिलीपच्या तोंडात थेंब टाकायचीच. "औषधाला कसलं आलंय सोवळं," म्हणायची.

आणि ते अळीव! आजीने साताऱ्याहून कापडात शिवून पार्सल पाठवलं होतं, डिंक, सुंठ, बाळंतशेपा आणि अळीव. आईने मला सांगितलं, बाईंना म्हणावं अळीव भिजत घाला. मी सांगितलं. मिसेस टॅन्स्लीने दाणे हातावर घेतले आणि तिचा चेहरा उजळला. ओळखीचं काहीतरी सापडलं होतं तिला! तिने ओल्या फ्लॅनेलच्या तुकड्यावर ते नीट पसरले आणि खिडकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी आई खीर मागतेय आणि ही म्हणतेय, थांब, अजून उगवायचेत. चार-पाच दिवसांनी खिडकीत हिरवंगार रान! इथे अळिवाचा पाला सँडविचमध्ये घालून खातात, आणि तिने तसंच केलं. आईने कपाळाला हात लावला. मग ते सँडविच खाल्लं, आणि म्हणाली, "बरं लागतंय की. सांग बाईंना, आणखी एक द्या." राहिलेल्या अळिवाची खीर केली ती मिसेस टॅन्स्लीने दोन वाट्या ओरपली.

एकदा भांडी पुसता पुसता मी तिला विचारलं, हे काम तुम्ही का करता. ती म्हणाली, "माझ्या वेळी कोणी नव्हतं आलं, डक. डॉक्टर बोलवायचा तर विचार करावा लागायचा. माझी पहिली मुलगी त्या विचार करण्यातच गेली. आता विचार करावा लागत नाही. मी मत दिलं ना, ते ह्यासाठीच." तिने ताट फळीवर ठेवलं आणि दुसरं घेतलं. मी हे आईला सांगितलं तेव्हा आई भिंतीकडे वळून झोपली. त्या दिवशी संध्याकाळी तिने मला पहिल्यांदा माझ्या गेलेल्या भावाचं नाव सांगितलं.

असा सव्वा महिना, थोडा जास्तच, गेला. कौन्सिलने तिला कामाला दुसरं घर दिलं, कुठल्याशा म्हाताऱ्या जोडप्याचं. शेवटच्या दिवशी तिने दिलीपसाठी विणलेली लोकरीची टोपी आणली. "ही कुंची," आई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "थांबा म्हणावं बाईंना." ती चांगलं लुगडं नेसून आली. ताटात हळद-कुंकू होतं. तांदूळ नेमके त्या आठवड्यात कुठे मिळत नव्हते, म्हणून इथे पिण्याच्या सूपमध्ये घालतात ती बार्ली, नारळाच्या जागी सफरचंद, आणि खणाच्या जागी पडद्याचा उरलेला तुकडा. आई पाटावर बसली आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, माझी ओटी भरा. लेक सासरी निघाली की माहेरचं माणूस भरतं."

अण्णा दारात होते. ते हळूच म्हणाले, "अगं, पण त्या... मिस्टर टॅन्स्ली नाहीत ना."

आमच्यात विधवेने ओटी भरायची नाही. आईने आयुष्यभर एक उपास मोडला नव्हता, एक चतुर्थी चुकवली नव्हती. तिने अण्णांकडे पाहिलं. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "आई विधवा झाली म्हणून कोणाचं माहेर बुडतं का हो?"

अण्णा मान खाली घालून बाजूला झाले. मी मिसेस टॅन्स्लीला दाखवलं, असं कुंकू लावायचं, अशी ओंजळ. तिने जाड, धुण्याच्या सोड्याने भेगाळलेल्या बोटांनी आईच्या कपाळाला कुंकू लावलं, जरा वाकडंच. आईने पदर धरला. मिसेस टॅन्स्लीने ओंजळ ओंजळ बार्ली त्यात घातली, सफरचंद ठेवलं, आणि मला विचारलं, "बरोबर केलं का मी?" आईने खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. ती गडबडली, आईला उठवून तिने घट्ट जवळ घेतलं. मधे दिलीप चेंगरला आणि ओरडला.

मग ती कोट घालून निघाली. आम्ही सगळे पायरीवर उभे. लेक माहेराहून निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणते. मिसेस टॅन्स्ली रस्त्याने चालत निघाली होती, आणि आई आपल्याच दारात उभी राहून, ओटीचा पदर सावरत, मोठ्याने मराठीत म्हणाली, "येते हं मी!"

मिसेस टॅन्स्लीने वळून हात केला आणि ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. आईने डोळे पुसले, आत आली, कोळसा आणायला मी उचललेलं फावडं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "चला, सासर सुरू."